पाळीव मांजरांतील मूत्रखुणेचे वर्तन व औषधोपचार : जुन्नर-आंबेगाव परिसरातील बिबट्यांच्या अनुभवाच्या संदर्भात

सारांश

घरातील मांजराने भिंतीवर, दारावर किंवा सामानावर मूत्राचा फवारा मारणे ही त्रासदायक बाब आहे. त्यावर उपाय म्हणून असे मांजर पोत्यात घालून दूरच्या गावी सोडण्याची पद्धत ग्रामीण भागात रूढ आहे. २००१ नंतर जुन्नर वनविभागात बिबट्यांच्या बाबतीत स्थलांतराचा हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबण्यात आला व त्याचे विपरीत परिणाम अभ्यासकांनी नोंदविले. प्रस्तुत लेखात मूत्रखुणेच्या वर्तनाचे जीवशास्त्रीय स्वरूप, स्थलांतराच्या उपायाचे अपयश आणि औषधोपचाराची उपयुक्तता व मर्यादा यांचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : मूत्रखूण, हद्द, बोका, बिबट्या, स्थलांतर, फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीचा डोंगराळ प्रदेश असून पूर्वेस कुकडी व घोड नद्यांच्या खोऱ्यातील बागायती पट्टा आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांमुळे येथील शेतीचे स्वरूप बदलले. उसाचे क्षेत्र वाढले आणि दाट, ओलसर व वर्षातील बराच काळ उभ्या असणाऱ्या या पिकात बिबट्यास आसरा मिळाला. वस्तीलगतची कुत्री, शेळ्या, डुकरे व मांजरे हे त्याचे भक्ष्य झाले. त्यामुळे मार्जारकुळातील दोन प्राणी, एक ओट्यावरचा व दुसरा उसातला, येथे एकमेकांपासून काही हातांच्या अंतरावर राहतात.

धान्याच्या कणगीभोवतीचे उंदीर आवरण्यासाठी शेतकऱ्याच्या घरी मांजर असणे ही जुनी रीत आहे. अलीकडे मंचर, नारायणगाव, जुन्नर यांसारख्या बाजारपेठेच्या गावांतील बंद सदनिकांमध्येही मांजरे पाळली जातात. मोकळ्या पडवीत बोक्याने मारलेला फवारा एक वेळ दुर्लक्षिला जातो, परंतु दोन खोल्यांच्या घरात तो असह्य ठरतो. त्यातून मांजरास मारहाण होते, त्याला घराबाहेर कोंडले जाते किंवा कायमचे सोडून दिले जाते. म्हणजे वरकरणी क्षुल्लक वाटणारा हा प्रश्न पुष्कळदा त्या प्राण्याच्या जगण्यामरण्याचा असतो. असे वर्तन का घडते व औषधाने ते कितपत आटोक्यात येते, हे समजून घेणे त्यामुळे अगत्याचे आहे.

२. मूत्रविसर्जन आणि मूत्रखूण यांतील भेद

उपचाराचा विचार करण्यापूर्वी दोन भिन्न क्रिया वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. सामान्य मूत्रविसर्जनाच्या वेळी मांजर खाली बसते, आडव्या पृष्ठभागावर पुरेशा प्रमाणात मूत्र टाकते व बहुधा ते माती उकरून झाकते. मूत्रखूण करताना मात्र ते उभे राहते, पाठ भिंतीकडे वा सामानाकडे करते, शेपटी ताठ उभारून तिचे टोक थरथरविते आणि उभ्या पृष्ठभागावर थोड्याशा मूत्राचा फवारा सोडते. खुणेची जागाही अर्थपूर्ण असते. दाराची चौकट, खिडकीखालची भिंत, नव्याने आणलेली वस्तू किंवा पाहुण्याची पिशवी अशा ठिकाणी ती विशेषत्वाने आढळते.

मांजर वारंवार खाली बसत असेल, कुंथत असेल, मूत्र थेंबाथेंबाने येत असेल किंवा त्यात रक्त दिसत असेल, तर तो मूत्रमार्गाच्या विकाराचा संशय होय. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो पूर्णपणे तुंबण्याचा संभव असतो व तसे झाल्यास एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. अशा प्राण्यास वर्तनदोष समजून शिक्षा करणे किंवा मनःस्थितीवरील औषध देणे घातक ठरते. म्हणून पशुवैद्यकाकडून शारीरिक तपासणी व मूत्रपरीक्षा ही पहिली पायरी मानली जाते. मात्र खरी मूत्रखूण करणारी बहुसंख्य मांजरे शारीरिकदृष्ट्या निरोगी असतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खूण करणाऱ्या व न करणाऱ्या मांजरांच्या मूत्रपरीक्षेत लक्षणीय फरक आढळला नव्हता.

३. खुणेचे जीवशास्त्र

मार्जारकुळातील बहुतेक प्राणी एकांडे असतात. एकाच प्रदेशात राहणाऱ्या दोन प्राण्यांनी समोरासमोर भिडणे दोघांनाही परवडणारे नसते, कारण जखमी शिकाऱ्यास शिकार करता येत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष भेट टाळून निरोप ठेवण्याची व्यवस्था उत्क्रांतीच्या ओघात निर्माण झाली. मूत्राचा फवारा, विष्ठा, नखांचे ओरखडे व अंग घासणे ही या व्यवस्थेची साधने होत. खूण करणारा नर आहे की मादी, तो किती वेळापूर्वी येथून गेला, मादी माजावर आहे काय, अशी माहिती गंधातून मिळते. गंध विरत जातो, म्हणून खूण पुन्हा पुन्हा करावी लागते.

मांजराच्या मूत्रात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. त्याच्या विघटनातून तयार होणारी गंधकयुक्त संयुगे बोक्याच्या मूत्रास विशिष्ट उग्र वास देतात. फेलिनिनचे प्रमाण नरसंप्रेरकावर अवलंबून असल्याने खच्ची न केलेल्या बोक्याचा वास अधिक तीव्र असतो. मोठ्या मार्जारांच्या गंधखुणांवर भारतात मोलाचे काम झाले आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाघाच्या खुणेच्या द्रवात सुवासिक तांदळास गंध देणारे संयुग असल्याचे दाखवून दिले. आंबेमोहोर शिजत असताना घरात दरवळणारा वास ज्या संयुगामुळे येतो, तेच हे संयुग होय.

या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मांजर सूडबुद्धीने किंवा मालकाला खिजविण्यासाठी फवारा मारते, ही समजूत निराधार आहे. खूण हा हद्दीविषयीचा निरोप आहे. परका बोका खिडकीबाहेर दिसणे, घरात दुसरे मांजर येणे, घर बदलणे, सामानाची हलवाहलव, बाळाचा जन्म अशा प्रसंगी मांजराला आपल्या हद्दीची शाश्वती वाटेनाशी होते व निरोपांची संख्या वाढते. शिक्षेने भीती वाढते आणि तिच्याबरोबर खुणाही वाढतात.

४. स्थलांतराचा उपाय व जुन्नरचा अनुभव

हद्दीचे महत्त्व ध्यानात न घेतल्यास काय घडते, याचे सर्वांत ठळक उदाहरण जुन्नर वनविभागात सापडते. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके या विभागात येतात. फेब्रुवारी २००१ पासून येथे मनुष्यवस्तीजवळील बिबटे मोठ्या संख्येने पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात येऊ लागले. सोडण्याच्या ठिकाणांचे सरासरी अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. हेतू चांगला होता. गावाजवळचा बिबट्या हलविला की गाव सुरक्षित होईल, असा तो सरळ हिशेब होता.

डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातील हल्ल्यांचा अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती. स्थलांतरानंतर ती १७ झाली. जेथे बिबटे सोडले गेले त्या ठिकाणांच्या आसपास हल्ले वाढले आणि हल्ल्यात माणूस दगावण्याचे प्रमाण दुप्पट झाले. पिंजऱ्यातील ताण, माणसाशी आलेला निकटचा संबंध, अपरिचित प्रदेश व तेथे आधीपासून हद्द धरून असलेले अन्य बिबटे या सर्वांचा हा परिणाम असावा, असे अनुमान अभ्यासकांनी मांडले.

बिबट्याचे हद्दीशी असलेले नाते मे २००९ मधील एका घटनेने सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क नर बिबट्यास बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाद्वारे माग काढणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. अभ्यासकांनी ‘आजोबा’ असे नाव दिलेला हा बिबट्या महामार्ग, लोहमार्ग व वसईची खाडी ओलांडून सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास करीत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. माणसाने नेमून दिलेली जागा त्याने स्वीकारली नाही. याउलट आपल्याच हद्दीत राहिलेल्या बिबट्यांचे क्षेत्र लहान असते. वस्तीच्या प्रदेशात पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात अशा एका नराचे व दोन माद्यांचे क्षेत्र ८ ते १५ चौरस किलोमीटर आढळले.

पोत्यात घालून दूर सोडलेल्या मांजराची गोष्ट याहून निराळी नाही. काही मांजरे परत येतात व लोक त्याचे कौतुक करतात. परत न येणाऱ्यांचे काय होते, हे पाहण्यास कोणी जात नाही. सोडलेल्या जागी आधीच्या मांजरांच्या हद्दी असतात, कुत्री असतात, आणि या तालुक्यांत उसातला बिबट्याही असतो. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीवरून केलेल्या अभ्यासात त्यांच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव व वस्तीतल्या प्राण्यांचा असल्याचे दिसून आले. त्यांत मांजरांचाही समावेश होता. शिवाय उपासमार वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास सकारण नसताना सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार अपराध आहे. इकडे घरातील रिकामी झालेली हद्द लवकरच दुसरा बोका व्यापतो व फवाऱ्यांचा प्रश्न पुन्हा उद्भवतो.

५. उपचाराच्या पायऱ्या

५.१ खच्चीकरण : खच्ची न केलेल्या बोक्याच्या बाबतीत शस्त्रक्रिया हाच प्रथम उपचार होय. खच्चीकरणानंतर सुमारे ९० टक्के बोक्यांत मूत्रखूण थांबते किंवा पुष्कळ कमी होते, असे बेंजामिन हार्ट यांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. तथापि शस्त्रक्रिया झालेल्या नरांपैकी सुमारे १० टक्के व माद्यांपैकी सुमारे ५ टक्के मांजरे पुढेही खूण करीत राहतात. औषधोपचाराचा खरा प्रश्न या उर्वरित मांजरांपुरता आहे. शस्त्रक्रियेचा खर्च व त्रास टाळण्यासाठी थेट गोळी देणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही.

५.२ पूर्वीची औषधे : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वर्तनावर प्रथम स्त्रीसंप्रेरकसदृश औषधे वापरली गेली. त्यांचा गुण मर्यादित होता. मधुमेह व स्तनग्रंथींच्या गाठी असे दुष्परिणाम मात्र गंभीर होते. त्यानंतर डायझेपाम हे चिंताशामक औषध पुढे आले. ते चालू असेपर्यंत अनेक मांजरांत खुणा कमी होत, परंतु थांबविताच बहुतेकांत त्या पुन्हा सुरू होत. १९९६ मध्ये तोंडावाटे डायझेपाम दिलेल्या ११ मांजरांत तीव्र स्वरूपाचा यकृतनाश झाल्याची नोंद प्रसिद्ध झाल्यानंतर या औषधाचा असा वापर मागे पडला. बुस्पिरोन हे तुलनेने सौम्य औषध १९९३ च्या अभ्यासात निम्म्याहून थोड्या अधिक मांजरांना उपयोगी पडले.

५.३ फ्लुऑक्सेटिन व क्लोमिप्रामिन : सध्या या वर्तनासाठी मुख्यतः ही दोन औषधे वापरली जातात. दोन्ही मूळची मानवी नैराश्य व मंत्रचळ यांवरील औषधे असून मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक द्रव्याचे पुनःशोषण कमी करतात. परिणामी हे द्रव्य चेतापेशींच्या सांध्यात अधिक काळ उपलब्ध राहते आणि काही आठवड्यांत भय व उत्तेजना यांची पातळी खाली येते. मांजर गुंगीत राहावे हा उपचाराचा हेतू नसून, हद्दीविषयीची अस्वस्थता कमी होऊन निरोप ठेवण्याची निकड घटावी, असा असतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विद्यालयात १७ मांजरांवर केलेला फ्लुऑक्सेटिनचा तुलनात्मक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मांजरांना औषध व काहींना औषधविरहित मात्रा देण्यात आली होती. औषध मिळालेल्या मांजरांच्या खुणांची आठवड्याची सरासरी प्रारंभी ८.६ होती. दुसऱ्या आठवड्यात ती १.७ वर आली, तर सातव्या-आठव्या आठवड्यात ०.४ इतकी खाली गेली. दुसऱ्या गटात अशी घट झाली नाही. त्याच परंपरेतील २००५ च्या अभ्यासात २२ मांजरांना १६ आठवडे फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन देण्यात आले. दोन्ही औषधांची परिणामकारकता सारखीच आढळली, तसेच ८ आठवड्यांहून अधिक काळ फ्लुऑक्सेटिन दिल्यास गुण वाढत जातो, असेही दिसून आले. मात्र ते अचानक बंद केल्यावर बहुतेक मांजरांत खुणा परतल्या. त्यामुळे औषध काही महिने चालू ठेवून पुढे मात्रा क्रमाक्रमाने उतरविणे श्रेयस्कर मानले जाते.

५.४ धोके व मर्यादा : फ्लुऑक्सेटिनमुळे भूक मंदावते, तर क्लोमिप्रामिनमुळे सुस्ती, बद्धकोष्ठता व मूत्र अडण्याची शक्यता असते. हृदयविकार, यकृत वा मूत्रपिंडाचा विकार किंवा झटके येण्याचा इतिहास असलेल्या मांजरांत विशेष दक्षता लागते. सेरोटोनिनवर कार्य करणारी दोन औषधे एकत्र दिल्यास विषारी परिणाम संभवतो.

मात्रेचा प्रश्न त्याहून व्यावहारिक आहे. अभ्यासांतील फ्लुऑक्सेटिनची मात्रा शरीराच्या प्रतिकिलो वजनास १ मिलिग्रॅम इतकी होती. म्हणजे ४ किलोच्या मांजरास सुमारे ४ मिलिग्रॅम पुरे होते. माणसांसाठीची २० मिलिग्रॅमची कुपी उघडून अंदाजाने पूड वाटून देणे हे पाचपट मात्रेला निमंत्रण ठरू शकते. ही दोन्ही औषधे भारतात अनुसूची एच मध्ये मोडत असल्याने चिठ्ठीवाचून ती देता-घेता येत नाहीत. रक्ततपासणी, मात्रेची आखणी व देखरेख ही नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाची कामे होत.

मांजराच्या यकृताची एक मर्यादा येथे सांगणे आवश्यक आहे. अनेक रसायने ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकण्याची क्षमता मांजरात फारच कमी असते. म्हणून माणसाला निरुपद्रवी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील त्याचा जीव घेऊ शकते. फवाऱ्याची जागा फिनाईलने पुसण्याची घरोघरची सवयही याच कारणाने धोकादायक आहे, कारण ओल्या फरशीवरून चालणारे मांजर पंजे चाटते व फिनॉलवर्गीय द्रव्य पोटात जाते. अमोनियायुक्त द्रवाचा वास मूत्राशी मिळताजुळता असल्याने तो नव्या खुणेस आमंत्रण देतो. विकरयुक्त धुलाईच्या पावडरीचे पाणी व नंतर स्वच्छ पाणी हा साधा पर्याय पुरेसा आहे.

६. औषधाबरोबरची व्यवस्था

औषध हे एकट्याने पुरे पडत नाही, याविषयी अभ्यासकांचे एकमत आहे. खुणेचे कारण तसेच राहिले, तर औषध उतरविताच वर्तन परतते. म्हणून औषधाच्या काळात कारणाचा शोध घ्यावा लागतो. परका बोका ज्या खिडकीतून दिसतो ती खालच्या बाजूने झाकणे, त्याला अंगणात अन्न न ठेवणे व शक्य असल्यास त्याचेही खच्चीकरण करविणे हा पहिला भाग होय. घरात एकाहून अधिक मांजरे असल्यास खाण्याच्या, पाण्याच्या, झोपण्याच्या व मलमूत्राच्या जागा वेगवेगळ्या ठेवाव्यात. वाळूचे पात्र रोज साफ करावे व आठवड्याने वाळू बदलावी. उंचावर बसण्यास फळी व नखे घासण्यास खरखरीत लाकूड दिल्यास हद्द दर्शविण्याचे अन्य मार्ग मांजरास मिळतात. केवळ स्वच्छता व परिसरव्यवस्था सुधारल्यानेही खुणांची संख्या घटल्याचे २००१ च्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळले आहे. गालाच्या ग्रंथींतील गंधाचे कृत्रिम अनुकरण करणारी फेरोमोनयुक्त द्रव्येही पूरक म्हणून वापरली जातात.

किती खुणा, कोठे व कोणत्या प्रसंगानंतर झाल्या, याची रोजची नोंद पालकाने ठेवल्यास औषधाचा गुण आहे किंवा नाही, हे वैद्यकास ठरविता येते. खुणा निम्म्याने कमी झाल्या तरी घरातील मंडळींना फरक जाणवतोच असे नाही, आणि गुण येत असलेला उपचार मध्येच सोडला जातो. नोंदीमुळे हे टळते.

७. बिबट्यास औषध देता येईल काय?

पाळीव मांजराला रोज गोळी देता येते, उसातल्या बिबट्यास ती देता येत नाही. त्याच्या बाबतीत औषधाचा उपयोग बेशुद्ध करून सुटका करण्यापुरता व माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रातील प्राण्यांवर उपचार करण्यापुरता राहिला आहे. परंतु हा प्रश्न आता नव्या रूपात पुढे आला आहे. ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसांचे बळी गेले व लोकक्षोभ उसळला. त्याच वर्षी जुन्नर वनविभागातील मोजक्या मादी बिबट्यांवर गर्भनिरोधनाचा प्रयोग करण्यास केंद्र सरकारने मान्यता दिली.

या उपायाचे मूल्यमापन त्याच्या निष्कर्षांवरूनच व्हावे. तथापि पाळीव मांजरांवरील उपचाराचा अनुभव येथे एक कसोटी देतो. गर्भनिरोधनाने पुढील जन्म कमी होतील. आज हद्द धरून असलेले बिबटे, त्यांना आसरा देणारा ऊस व गावालगतचे सहज मिळणारे भक्ष्य या गोष्टी त्याने बदलत नाहीत. ज्यांच्या अंगणात मूल खेळते त्यांच्या भीतीला तातडीचे उत्तर हवे असते, आणि ते बंदिस्त गोठा, घराजवळचा उजेड, उघड्यावर न टाकलेला कचरा व मोकाट कुत्र्यांचे नियंत्रण यांतून अधिक लवकर मिळू शकते. घरात औषधाला परिसरव्यवस्थेची जोड लागते, तशीच ती शिवारातही लागेल.

८. समारोप

मूत्रखूण हे मार्जारकुळाचे स्वाभाविक वर्तन असून त्याचा संबंध हद्दीच्या सुरक्षिततेशी आहे. प्राणी हलवून प्रश्न सुटत नाही, हे जुन्नरच्या अनुभवाने मनुष्यहानीची किंमत देऊन सिद्ध केले आहे. पाळीव मांजराच्या बाबतीत शारीरिक तपासणी, खच्चीकरण, परिसरातील कारणाचे निवारण व त्यानंतर पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन, हा क्रम उपलब्ध पुराव्याशी सुसंगत आहे. या क्रमाने गेल्यास बहुसंख्य मांजरे घरात राहू शकतात. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी ही माहिती गावोगाव नेल्यास पोत्यात घालून सोडल्या जाणाऱ्या मांजरांची संख्या घटेल. बिबट्याला उचलून नेण्याची मागणी होते त्या गावातही हद्द म्हणजे काय, याविषयीची चर्चा घरातल्या बोक्यापासून सुरू करणे सोपे जाईल.